ओळखपट्टी मुद्रांकन यंत्रांचे पुनरुज्जीवन

धातूच्या पातळ पट्टीवर अथवा चकतीवर अक्षरे, आकडे व चिन्हे दाबाने उमटवून तिला व्यक्ती, वाहन, यंत्र किंवा वस्तू यांच्या कायम ओळखीचे साधन बनविणाऱ्या यंत्रास ओळखपट्टी मुद्रांकन यंत्र म्हणतात. सैनिकाच्या गळ्यातील चकती, मोटारीवरील निर्मात्याची पट्टी, विद्युत् चलित्राची नेमप्लेट, कारखान्यातील हत्यारखान्याचे पितळी टोकन व हमालाच्या दंडावरील बिल्ला ही अशा मुद्रांकनाची परिचित उदाहरणे होत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व मध्यावर बनविलेली ही यंत्रे आता कारखान्यांतून व कार्यालयांतून बहुतेक हद्दपार झाली आहेत. त्यांपैकी उरलेली यंत्रे दुरुस्त करून पुन्हा कामास लावणे याला पुनरुज्जीवन म्हणतात. या कामात यंत्र चकचकीत दिसणे गौण असते. त्याने उमटविलेले प्रत्येक अक्षर निःसंदिग्धपणे वाचता येणे, यंत्र चालविणाऱ्यास इजा न होणे आणि यंत्राचे मूळ स्वरूप शक्य तितके टिकणे ही पुनरुज्जीवनाची खरी कसोटी आहे.

तत्त्व : शाईने लिहिलेले अक्षर पृष्ठभागावर असते, तर मुद्रांकित अक्षर धातूच्या अंगात असते. कठीण पोलादाची मुद्रा मऊ धातूवर दाबली असता धातू प्रथम लवचिकपणे वाकतो व दाब एका मर्यादेपलीकडे गेल्यावर कायमचा विरूपित होतो. या विरूपणामुळे अक्षराखालील स्फटिकरचना बदलते व तेवढा भाग अधिक कठीण होतो. म्हणून वरचे अक्षर कानशीने किंवा सहाणेवर घासून नाहीसे केले, तरी त्याची खूण खाली काही खोलीपर्यंत राहते. पोलादी पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर क्युप्रिक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक अम्ल यांचे मिश्रण लावल्यास विरूपित व अविरूपित भागांवर अम्लाची क्रिया वेगवेगळी होते आणि पुसलेला क्रमांक काही काळ पुन्हा दिसू लागतो. चोरीच्या वाहनांचे खरे क्रमांक शोधताना न्यायवैद्यक प्रयोगशाळांत ही रीत वापरतात. मात्र घासकाम फार खोल गेले असल्यास ही खूणही नष्ट होते.

मुद्रांकन दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात पट्टीच्या एका बाजूस उठावाची व दुसऱ्या बाजूस खोलगट मुद्रा असून त्यांच्या दरम्यान पट्टी दाबली जाते व अक्षर पट्टीच्या दर्शनी बाजूवर वर येते. दुसऱ्या प्रकारात अक्षर दर्शनी बाजूस खोलगट उमटते. उठावाच्या अक्षरावर शाईची फीत व कागद ठेवून दाबल्यास त्याची छाप कागदावर घेता येते. खोलगट अक्षर मात्र घर्षणाने लवकर झिजत नाही.

इतिहास : ठसे व हातोडा यांच्या साहाय्याने धातूवर खुणा उमटविण्याची कला नाणी पाडण्याइतकी जुनी आहे. अक्षरांची निवड, अक्षरांतील अंतर व दाब ही तिन्ही कामे एकाच यंत्राकडे सोपविण्याची गरज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पत्ते छापण्याच्या व्यवसायातून निर्माण झाली. अमेरिकेतील आयोवा राज्यातील जोसेफ स्मिथ डंकन यांनी पत्ते छापणाऱ्या ॲड्रेसोग्राफ यंत्राचे एकस्व १८९६ मध्ये मिळविले. त्यांच्या आरंभीच्या यंत्रात रबरी अक्षरे वापरलेली होती. पुढे प्रत्येक ग्राहकाचा पत्ता धातूच्या लहान पट्टीवर उमटवून त्या पट्ट्यांवरून पाकिटे व देयके छापण्याची पद्धत रूढ झाली आणि अशा पट्ट्या तयार करण्यासाठी ग्राफोटाइप हे मुद्रांकन यंत्र प्रचारात आले. नियतकालिके, विमा कंपन्या व वीजपुरवठा करणाऱ्या संस्था यांना एकच पत्ता दरमहा लिहावा लागे. तो एकदाच धातूवर उमटवून ठेवणे त्यांना सोयीचे होते. संगणक आल्यावर ही गरज संपली. ही यंत्रे बनविणारी मुख्य अमेरिकन कंपनी पुढे एएम इंटरनॅशनल या नावाने ओळखली जाई. ती १९८२ मध्ये दिवाळखोरीत गेली. जुन्या यंत्रांचे सुटे भाग आज दुर्मिळ असण्यामागे हा इतिहास आहे.

पत्त्याच्या पट्टीचे हे यंत्र सैन्याच्या उपयोगी पडले. सैनिकाची ओळख अंगावर बाळगण्याची पद्धत प्रशियाच्या सैन्यात १८६९ च्या सुमारास सुरू झाली होती. अमेरिकन भूसेनेने डिसेंबर १९०६ मध्ये ॲल्युमिनियमची वर्तुळाकार चकती मान्य केली. ब्रिटिश सैन्याने १९०७ मध्ये ॲल्युमिनियमची चकती स्वीकारली. परंतु १९१४ मध्ये तिच्या जागी दाबलेल्या तंतुद्रव्याची चकती आणली आणि १९१६ मध्ये दोन चकत्यांची पद्धत घालून दिली. त्यांपैकी तांबडी वर्तुळाकार चकती मृत्यूच्या नोंदीसाठी काढून घेत व हिरवी अष्टकोनी चकती देहाबरोबर ठेवीत. तंतुद्रव्य मातीत कुजते. त्यामुळे अनेक वर्षांनी सापडलेल्या देहांच्या बाबतीत या चकत्या पुष्कळदा निरुपयोगी ठरल्या. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने सु. ५१ मिमी. लांब व २९ मिमी. रुंद अशी गोलाकार टोकांची धातूची पट्टी वापरली. तीवर पाच ओळी व प्रत्येक ओळीत जास्तीत जास्त १८ अक्षरे बसत. ही अक्षरे ग्राफोटाइप यंत्रावर खोलगट उमटवीत. या पट्टीच्या एका टोकास असलेली खाच मृत सैनिकाच्या दातांत अडकविण्यासाठी होती, ही समजूत सर्वत्र प्रचलित असली तरी निराधार आहे. पट्टीवरील मजकूर वैद्यकीय कागदपत्रांवर उतरविणाऱ्या हातयंत्रात पट्टी योग्य जागी बसावी, एवढाच त्या खाचेचा उद्देश होता.

धातूवरील क्रमांक किती टिकतो, याचे अलीकडचे उदाहरण भारतीय सैन्यातील आहे. मे १९८४ मध्ये सियाचीन हिमनदीवर हिमस्खलनात बेपत्ता झालेले १९ कुमाऊँ पलटणीचे लान्स नायक चंद्रशेखर हर्बोला यांचे अवशेष ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे अडतीस वर्षांनी सापडले. सोबतच्या ओळखचकतीवरील सैन्य क्रमांकावरून त्यांची ओळख पटली आणि त्यांच्या कुटुंबास अंत्यसंस्कार करता आले. क्रमांकातील एक आकडा जरी संदिग्ध असता, तरी ही ओळख पटविणे कठीण झाले असते. मुद्रांकन यंत्राच्या दुरुस्तीत अचूकतेचा आग्रह का धरावयाचा, हे यावरून स्पष्ट होते.

पिंपरी-चिंचवड परिसरातील संदर्भ : पुण्याच्या वायव्येस असलेल्या या औद्योगिक पट्ट्यात धातूवरील ओळखीचे सैनिकी व औद्योगिक असे दोन्ही प्रवाह एकत्र आले आहेत. खडकी येथे १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना असून दापोडीस सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय व देहूरोडला सैन्याचे भांडार आहे. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सार्वजनिक क्षेत्रातील कंपनी स्थापन झाली. १९६० नंतर आकुर्डी, पिंपरी, चिंचवड व भोसरी येथे वाहननिर्मितीचे व त्यांना सुटे भाग पुरविणारे कारखाने उभे राहिले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाल्यावर या वाढीस गती मिळाली व पुढे तिचा विस्तार चाकणपर्यंत झाला. पवना नदीकाठचे पिंपळे सौदागर हे मूळचे शेतीप्रधान गाव या सर्व केंद्रांच्या मध्ये आहे. आज ते दाट निवासी उपनगर असले, तरी भोसरी, पिंपरी व खडकी ही तिन्ही ठिकाणे तेथून जवळ आहेत. त्यामुळे जुने यंत्र दुरुस्त करू इच्छिणाऱ्यास लागणारे पातीकाम, दंतचक्रे कापणे, उष्णता-संस्करण व तारेच्या साहाय्याने विद्युत् ठिणगीने केलेले कर्तन, म्हणजे कारागिरांच्या भाषेतील वायरकट, ही सर्व कामे या परिसरात करून घेता येतात.

या पट्ट्यातील कारखान्यांत मुद्रांकनाची साधी साधने नित्याची होती व काही ठिकाणी अजूनही आहेत. हत्यारखान्यातून मापनसाधन किंवा छिद्रक नेताना कामगार आपल्या क्रमांकाचे पितळी टोकन खुंटीवर अडकवून जाई. अशी टोकने, साच्यांवरील क्रमांक व यंत्रांच्या नेमप्लेट हातठशांनी, हातप्रेसवर किंवा चक्रीच्या यंत्रावर उमटवीत. वाहनाच्या सांगाड्यावर व एंजिनावर क्रमांक उमटविण्याच्या क्रियेस बोलीत ‘नंबर पाडणे’ किंवा ‘पंचिंग’ असे म्हणतात. हे क्रमांक उमटविणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १२२ अन्वये निर्मात्यास बंधनकारक आहे.

वापरातून गेलेली यंत्रे बहुधा भंगारात जातात. चिखलीजवळील कुदळवाडी हा अशा भंगार व्यवसायाचा मोठा परिसर होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने तेथील अनधिकृत बांधकामे मोठ्या प्रमाणावर पाडली. भंगारात यंत्राची किंमत वजनावर ठरते आणि मुद्रांकन यंत्राचा बिडाचा सांगाडा वजनदार असल्याने ते वितळविण्यासाठी विकले जाण्याचा संभव अधिक असतो. त्यातील कठीण पोलादाच्या मुद्रांचा संच मात्र वजनाने नगण्य असतो. सांगाडा भट्टीत व मुद्रा विखुरलेल्या, अशी स्थिती एकदा आली की यंत्र कायमचे नष्ट होते.

रचना व कार्य : हाताने चालविण्याच्या साध्या यंत्रात एकाच आसावर बसविलेल्या दोन समांतर चक्री असतात. एका चक्रीच्या परिघावर उठावाच्या व दुसरीच्या परिघावर त्यांच्या जोडीच्या खोलगट मुद्रा खाचांत बसविलेल्या असतात. रोमन लिपीतील २६ मोठी अक्षरे, १० आकडे व काही चिन्हे एवढा संच नेहमीच्या कामास पुरतो. चालक दर्शक तबकडी फिरवून इच्छित अक्षर कार्यस्थानी आणतो व तरफ ओढतो. तरफेबरोबर प्रथम एक खुंटी चक्रीच्या खाचेत शिरून चक्री घट्ट धरते व नंतर मुद्रांची जोडी पट्टीवर दाबली जाते. तरफ परत जाताना स्प्रिंगांमुळे मुद्रा मागे सरतात व पट्टी धरणारा गाडा एक अक्षर पुढे सरकतो. गाड्याची ही हालचाल टंकलेखन यंत्राप्रमाणे दातेरी पट्टी व खिटी यांनी नियंत्रित होते. ओळ संपल्यावर गाडा दुसऱ्या दिशेने एका ओळीइतका सरकवितात. विद्युत् शक्तीवर चालणाऱ्या मोठ्या यंत्रात तबकडीऐवजी कळफलक असतो. कळ दाबली असता चलित्राने फिरत असलेली चक्री त्या अक्षरापाशी थांबविली जाते व क्लचद्वारे दाबाचा दांडा एक फेरा करतो.

यंत्राची अचूकता तीन जुळण्यांवर अवलंबून असते : उठावाची व खोलगट मुद्रा नेमक्या समोरासमोर येणे, सर्व अक्षरांवर सारखा दाब पडणे आणि गाड्याचे प्रत्येक पाऊल समान असणे. या तिन्हींतील थोडासा दोषही पट्टीवर लगेच दिसतो. उदा., गाड्याच्या पावलात ०·०५ मिमी. एवढी वाढ झाली, तर १८ अक्षरांच्या ओळीतील शेवटचे अक्षर ०·८५ मिमी. पुढे सरकते व पट्टीच्या कडेवर किंवा छिद्रावर जाऊन पडते.

पुनरुज्जीवनाची रीत : (१) तपासणी व नोंद : यंत्र हाती येताच ते चालवून पाहू नये. अनेक वर्षे बंद राहिलेल्या यंत्रातील वंगण घट्ट होऊन राळेसारखे झालेले असते. अशा स्थितीत चलित्र सुरू केल्यास खिट्या वाकतात व मुद्रांचे टवके उडतात. प्रथम सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, निर्मात्याच्या पट्टीवरील क्रमांक टिपावा व यंत्र हाताने अगदी सावकाश फिरवून कोठे अडते ते पाहावे. भाग सुटे करताना प्रत्येक भागास चिठ्ठी बांधावी. मुद्रा चक्रीतून काढण्यापूर्वी त्यांचा क्रम लिहून ठेवणे अत्यावश्यक असते. कारण उठावाची व खोलगट मुद्रा वर्षानुवर्षे एकमेकींशी घासून जुळलेल्या असतात व जोड्यांची अदलाबदल झाल्यास ठसा फिका किंवा दुहेरी उमटतो.

(२) सफाई : घट्ट झालेले वंगण केरोसिनमध्ये भिजवून मऊ करतात व मऊ ब्रशाने काढतात. ही क्रिया हवेशीर जागी व ज्योतीपासून दूर करावी. गंजलेल्या सांध्यांत झिरपणारे पातळ तेल सोडून ते एक-दोन दिवस मुरू द्यावे. हातोड्याने ठोकून सांधा मोकळा करण्याचा प्रयत्न बिडाच्या भागांवर घातक ठरतो, कारण बीड ठिसूळ असते. सांगाड्यासारख्या मोठ्या भागांवरील गंज धुण्याच्या सोड्याच्या विद्रावात विद्युत् विच्छेदनाने काढता येतो. स्प्रिंगा व कठीण केलेल्या मुद्रा यांसाठी मात्र ही रीत किंवा अम्लात बुडविण्याची रीत वापरू नये. या क्रियांत निर्माण होणारा हायड्रोजन कठीण पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो व असा भाग पुढे थोड्या ताणानेही अचानक तुटतो. मुद्रांवरील गंज पितळी तारांच्या ब्रशाने व तेलाने हळूहळू काढावा. घासकागद वापरल्यास अक्षराच्या कडा बोथट होतात व स्वच्छतेच्या नादात मुद्रा निकामी होते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये.

(३) मुद्रा : प्रत्येक मुद्रा भिंगाखाली तपासावी. कोपऱ्याचा टवका गेलेली मुद्रा सहाणेवर घासून दुरुस्त केल्यास तिची उंची कमी होते व ते एकच अक्षर फिके उमटते. म्हणून मुद्रा नवीन करणे श्रेयस्कर. त्यासाठी तेलात विझवून कठीण होणारे हत्यारी पोलाद वापरतात. पुण्याच्या परिसरातील हत्यारखान्यांत ते ओएचएनएस या नावाने परिचित आहे. मुद्रेचा बाह्य आकार वायरकटने कापून अक्षराचा भाग तांब्याच्या विद्युत् अग्राने ठिणगी-यंत्रणाने कोरतात. नंतर मुद्रा सु. ८०० से. तापमानास तापवून तेलात विझवितात व सु. २०० से. तापमानास पुन्हा तापवून तिचा ठिसूळपणा कमी करतात. या पायनक्रियेनंतर रॉकवेल सी मापप्रमाणानुसार ५८ ते ६० कठिनता मिळते. खोलगट मुद्रेतील अक्षर उठावाच्या अक्षरापेक्षा सर्व बाजूंनी साधारणपणे पट्टीच्या जाडीइतके मोठे ठेवतात. ही जागा कमी पडल्यास पट्टी अक्षराच्या कडेवर कापली जाते व जास्त झाल्यास अक्षर मेणाप्रमाणे गोलसर दिसते. यावरून एक व्यावहारिक नियम निघतो : यंत्र ज्या जाडीच्या पट्टीसाठी बनविले आहे, तीहून जाड किंवा कठीण पट्टी त्यात घालू नये. ॲल्युमिनियमसाठी बनविलेल्या हातयंत्रात अगंज म्हणजे स्टेनलेस पोलादाची पट्टी घालण्याचा मोह अनेक यंत्रांना भोवला आहे.

(४) स्प्रिंगा व ओतीव भाग : मुद्रा मागे खेचणाऱ्या लहान स्प्रिंगा सैल झाल्या असल्यास सर्व एकाच वेळी बदलाव्यात, म्हणजे परतीचे बल सर्वत्र सारखे राहते. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही यंत्रांतील दंतचक्रे व मुठी जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्या काळच्या जस्तात शिशासारखी मलद्रव्ये राहिल्यामुळे कणसीमांवर संक्षारण होऊन असे भाग फुगतात, तडकतात व शेवटी चुऱ्यासारखे होतात. यावर उपाय नाही. मोजमापे घेण्याजोगा आकार शिल्लक असतानाच पितळ किंवा तोफधातूचा नवीन भाग करून घ्यावा.

(५) चलित्र व विद्युत् जोडणी : जुन्या तारांवरील रबर व कापडाचे निरोधन कडक होऊन गळते. ते पूर्णपणे बदलावे. निरोधनाचा रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजावा व तो किमान १ मेगओहम भरल्याशिवाय चलित्रास वीजपुरवठा जोडू नये. यंत्राच्या धातूच्या सांगाड्यास भूयोजन आवश्यक आहे. मूळ यंत्रांत ते बहुधा नसते. अमेरिकन चलित्रे ११५ व्होल्ट व ६० हर्ट्झ प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहासाठी बनविलेली असतात, तर भारतातील घरगुती पुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. केवळ विद्युत् दाब निम्मा करणारे रोहित्र जोडून येथे भागत नाही. प्रवर्तन चलित्राचा वेग कंप्रतेच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे ६० हर्ट्झवर मिनिटास १,७२५ फेरे करणारे चलित्र ५० हर्ट्झवर सु. १,४४० फेरेच करते. शिवाय तोच दाब ठेवल्यास गाभ्यातील चुंबकीय स्रोत सु. २० टक्क्यांनी वाढून चलित्र तापते. म्हणून दाबही त्याच प्रमाणात, म्हणजे सु. ९६ व्होल्टपर्यंत कमी करावा लागतो. वेग मूळचाच हवा असल्यास कप्पीचा व्यास बदलता येतो. परंतु कमी वेग यंत्राच्या आयुष्यास हितकारक असल्याने तो तसाच ठेवणे बरे. ब्रश असलेल्या सार्विक चलित्रांना कंप्रतेची ही अडचण येत नाही.

(६) जुळणी व चाचणी : भाग पुन्हा जोडल्यावर प्रथम मऊ ॲल्युमिनियमच्या पट्टीवर, दाब अगदी कमी ठेवून सर्व अक्षरे क्रमाने उमटवितात व दाब हळूहळू वाढवितात. पट्टीवर पातळ कागद ठेवून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासल्यास प्रत्येक अक्षराची छाप मिळते. एखादे अक्षर एका कडेस गडद व दुसऱ्या कडेस फिके आले, तर मुद्रा खाचेत तिरपी बसली आहे असे समजावे. सर्वच अक्षरे एका कडेस फिकी आली, तर दोष चक्रीच्या आसात असतो. त्यानंतर ज्या चिन्हांचा परस्परांशी घोटाळा होतो, त्यांची जोडीजोडीने परीक्षा करतात. शून्य व ओ, एक व आय, आठ व बी, पाच व एस या जोड्या नेहमी संशयास्पद असतात. याच कारणास्तव वाहनांच्या १७ चिन्हांच्या आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांकात रोमन आय, ओ व क्यू ही अक्षरे वापरीत नाहीत. एकच मजकूर अनेक पट्ट्यांवर उमटवून व पहिली व शेवटची पट्टी एकमेकींवर ठेवून पाहिल्यावरच यंत्र कामास योग्य ठरवावे.

(७) सुरक्षितता : जुन्या यंत्रांत दाबाच्या जागी बोट जाण्यास वाव असतो. यंत्रांच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालणे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने भारतात सक्तीचे केले. परंतु यांतील कित्येक यंत्रे त्याही आधीची आहेत. मूळ सांगाड्यास छिद्रे न पाडता, चिमट्याने बसविता येईल असे पारदर्शक आवरण लावल्यास सुरक्षितता व मूळ स्वरूप दोन्ही साधतात.

देवनागरी मुद्रांकन : रोमन मोठी अक्षरे सारख्या उंचीची व सुटी असल्याने चक्रीच्या यंत्रास सोयीची असतात. देवनागरीत मात्रा, वेलांटी, अनुस्वार व रफार अक्षराच्या वर आणि उकार खाली येतात. जोडाक्षरांमुळे मुद्रांची संख्याही वाढते. गाडा न सरकविता एकाच जागी दोनदा दाब देऊन मात्रा उमटविता येते. पण पहिल्या दाबाने धातू ताणला गेलेला असल्यामुळे दुसरा ठसा जवळ आल्यास पट्टी फाटते. शिरोरेषा सलग येण्यासाठी गाड्याचे पाऊल अक्षराच्या रुंदीएवढे तंतोतंत असावे लागते. या अडचणींवर व्यवहार्य तोडगा म्हणजे देवनागरी आकडे व मोजकी सुटी अक्षरे यांचाच संच करणे हा होय. आकड्यांना मात्रा नसल्याने क्रमांकाची टोकने व बिल्ले देवनागरीत सहज करता येतात.

मूळ स्वरूप व प्रामाण्य : यंत्राचा रंग, निर्मात्याचे चिन्ह व चालकाच्या हाताने गुळगुळीत झालेली मूठ ही त्याच्या इतिहासाची साक्ष असते. ती शक्य तेथे तशीच ठेवावी व नव्याने केलेल्या प्रत्येक भागावर न दिसणाऱ्या बाजूस वर्ष कोरावे, म्हणजे पुढील अभ्यासकाची दिशाभूल होत नाही.

याहून गंभीर प्रश्न यंत्राच्या वापराचा आहे. चांगले दुरुस्त झालेले यंत्र खरी पट्टी जितक्या सुबकपणे उमटविते तितक्याच सुबकपणे खोटीही उमटविते. जुन्या वाहनांच्या बाबतीत याचे महत्त्व विशेष आहे. पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या वाहनांच्या स्वतंत्र नोंदणीची तरतूद केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये करण्यात आली व त्यांच्या नोंदणी क्रमांकासाठी ‘व्हीए’ ही अक्षरे ठरविण्यात आली. अशा वाहनाची मूळ पट्टी गंजलेली असल्यास तिची प्रतिकृती करून देण्याची मागणी होणे स्वाभाविक आहे. प्रतिकृतीवर ती प्रतिकृती असल्याची खूण व वर्ष उमटवावे, मूळ पट्टी कितीही जीर्ण असली तरी टाकून देऊ नये आणि सांगाड्यावरील क्रमांकास नोंदणी अधिकाऱ्याच्या लेखी अनुमतीवाचून हात लावू नये, हे पथ्य दुरुस्तीकाराने पाळावयास हवे. सैनिकी ओळखपट्ट्यांच्या प्रतिकृतींनाही हाच नियम लागू पडतो.

कोणतीही ओळखपट्टी स्वतः काही सांगत नाही. तिच्यावरील क्रमांक ज्या नोंदवहीत असतो, ती नोंदवही तिला अर्थ देते. नोंदवही गहाळ झाल्यास अडतीस वर्षे बर्फात टिकलेली चकतीही मुकी ठरते. म्हणून पुनरुज्जीवित यंत्रावर काढलेल्या प्रत्येक पट्टीची तारीख, मजकूर व मागणी करणाराचे नाव एका वहीत लिहून ठेवण्याची पद्धत सुरुवातीपासून असावी.

आजची स्थिती : उद्योगांत आता बिंदू-ठसाई व लेसर-अंकन या संगणक-नियंत्रित पद्धती रूढ झाल्या आहेत. बिंदू-ठसाईत कठीण टोकाची सुई धातूवर जलद आघात करून बिंदूंनी अक्षर घडविते. लेसर-अंकन अतिजलद असून त्यात मुद्रांची झीज होण्याचा प्रश्नच नसतो. पण पोलादाच्या पृष्ठभागाचा केवळ रंग बदलणारे अंकन उथळ असते व घासल्यास नाहीसे होते. दाबाने अक्षर उठविण्याची जुनी रीत मात्र संपलेली नाही. भारतात १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या वाहनांना सक्तीची केलेली उच्च सुरक्षा नोंदणी पट्टी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असून तिच्यावरील क्रमांक मुद्रांच्या दाबानेच उठविलेला असतो. तिच्या जोडीस क्रोमियमचे होलोग्राम व लेसरने कोरलेला स्वतंत्र क्रमांक असतो. शतकापूर्वीच्या यंत्रातील तत्त्व व आजचे तंत्र एकाच पट्टीवर नांदत असल्याचे हे उदाहरण आहे. दुरुस्त केलेले जुने यंत्र उत्पादनात या साधनांशी स्पर्धा करू शकत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था व संग्रहालये यांत मात्र त्याला निश्चित स्थान आहे. कारण चक्री, खिटी, कॅम, क्लच व मुद्रा यांचे कार्य त्यात उघड्या डोळ्यांनी पाहता येते आणि केलेल्या जुळणीचा परिणाम पुढच्याच पट्टीवर वाचता येतो.